मे महिन्यातली काळी गाडी

पहाटे 5.10. मानकापूर चौक सोडून कोराडी रोडला लागलं की थोड्या अंतरावर टिनाचं एक शेड आहे. तीन गाड्या मावतील एवढं. भाडं महिन्याला 11 हजार. शटर वर गेलं तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं, पण हवा थंड झालेली नव्हती. गोधनीहून सायकलवर आलेला पोरगा आधी गाडीकडे जात नाही. बादली घेऊन फरशीवर पाणी मारतो. कोपरे, भिंतीचा पाया, शटरची पट्टी. मग तो आणि शेड चालवणारे भाऊ, दोघं दहा मिनिटं नुसते उभे राहतात. धूळ खाली बसायला हवी. हवेतला एखादा कण पॉलिशच्या पॅडखाली सापडला तर पुढची सगळी मेहनत रेषा काढण्यात जाते.

भाऊंचं वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात अंगठी नाही, मनगटात घड्याळ नाही, कमरेला पट्टा नाही, टी-शर्टला बटण नाही. पट्ट्याचं बक्कल फेंडरला टेकलं तरी ओरखडा पडतो. पोराच्या हातातला स्टीलचा कडा रोज सकाळी खिळ्याला टांगला जातो आणि रात्री पुन्हा हातात जातो.

5.30. गाडी काल रात्रीच येऊन उभी आहे. काळी सेडान, सहा वर्षांची, झिंगाबाई टाकळीतल्या एका अपार्टमेंटमधली. मालक बँकेतून निवृत्त झालेले. चार दिवसांनी मुलीचं लग्न आहे आणि पाठवणी याच गाडीतून होणार. ठरलेले पैसे साडेचार हजार.

इतक्या पहाटे का, तर नवतपा सुरू आहे. सूर्य रोहिणीत गेला की विदर्भात हे नऊ दिवस माणसं मोजून काढतात. 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. तेवढं रोज होत नाही, पण चव्वेचाळीस-पंचेचाळीस ठरलेलंच. गरम पत्र्यावर पॉलिशचं काम होत नाही. कंपाउंड पसरायच्या आधीच वाळतं, पावडर होतं, पॅडखाली घासतं. मेमध्ये या शेडमधलं काम सकाळी सात तास आणि संध्याकाळी तीन तास चालतं. मधली दुपार उन्हाची.

5.45. धुणं. इथं कोणी गाडीला हात लावत नाही, फडकंही लावत नाही. आधी नुसत्या पाण्याची फवारणी, वरून खाली. मग फेस. फेस पाच-सात मिनिटं तसाच सोडतात, तो मळ सैल करत खाली उतरतो. पुन्हा पाणी. एवढं झाल्यावरच हात.

दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी. मिट, म्हणजे मऊ हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, छतावरून सरळ रेषेत ओढायचा, साध्या पाण्यात जाळीवर घासून झटकायचा, मगच पुन्हा शाम्पूत. गोल गोल हात फिरवायचा नाही. दरवाज्यांच्या खालच्या भागाला वेगळा मिट, चाकांना तिसरा. पोराला यातलं काही सांगावं लागत नाही. तो एकदाच चुकतो. छतावरचा मिट बंपरला लावायला जातो आणि भाऊ लांबून म्हणतात, "थो नाही बे, निळा."

बादलीच्या तळाशी जे जमतं ते भाऊ मला दाखवतात. करडी, बारीक, बोटांत धरली तर मऊ लागणारी पूड. या रस्त्याच्या टोकाला कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आहे, 660 मेगावॉटचे तीन संच. त्याच्या पुढं खापरखेडा. कोळशाची राख म्हणजे बहुतांशी सिलिका आणि ॲल्युमिना, भट्टीत वितळून गोल झालेले काचेचे कण. बोटाला मऊ लागतात, रंगाला नाही. इकडच्या वस्त्यांत सकाळी गच्चीवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर ही पूड असते. गाडीवरही असते. आणि रोज सकाळी कोणीतरी कोरड्या फडक्यानं ती पुसतं.

6.30. शेवटचं पाणी बोअरचं नाही. बोअरचं पाणी जड आहे, वाळलं की पांढरे डाग सोडतं. काळ्या रंगावर ते आधी दिसतात आणि उन्हात भाजले की वरच्या पारदर्शक लॅकरमध्ये उतरतात. म्हणून शेवटी आरओच्या पाण्याचे दोन कॅन, 30 रुपयांचा एक, झारीनं छतावरून सोडतात. ते पाणी स्वतःबरोबर बाकीचे थेंब घेऊन खाली येतं. मग मोठा मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा आणि वरून हलकं थोपटायचं. घासायचं नाही. टॉवेलच्या कडेची शिवलेली चिठ्ठी नवीन असतानाच कापून टाकलेली असते, तिच्या टोकानंही रेषा उमटते.

6.50. पोरगा एक साधी पातळ पन्नी हातात घालतो, लाडवाच्या पुड्याला असते तसली, आणि बोनेटवरून हात फिरवतो. मलाही फिरवायला सांगतो. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पन्नीतून खरखरीत लागतो. धुऊन न जाणारं जे काही रंगात रुतलेलं आहे ते असं कळतं. लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, सिमेंट.

त्यासाठी क्ले. मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा, शंभर ग्रॅम, 400 रुपये, चार-पाच गाड्या चालतो. शाम्पूचं पाणी फवारायचं, गोळा चपटा करून त्यावरून घसरवायचा. दाबायचं नाही. आधी खर्र असा आवाज येतो, मग आवाज बंद होतो, म्हणजे तो भाग झाला. गोळा दुमडायचा, नवी बाजू वर आणायची. मागच्या दरवाज्यापाशी पोराच्या हातून तो निसटून फरशीवर पडतो. तो उचलतो आणि भाऊंकडे बघतो. भाऊ काही बोलत नाहीत. डब्याकडे बोट करतात. गोळा कचऱ्यात जातो. नवा होता, म्हणजे तीनशेच्या वर रुपये गेले. फरशीवरची वाळू त्यात रुतली, आता तो रंग खरवडेल.

7.40. चौकातून तर्री-पोहे येतात, 30 रुपये प्लेट. वर कच्चा कांदा, लिंबू, लालभडक चण्याची तर्री. पोराला रोज 450 रुपये आणि नाश्ता. काम शिकला की 600. शिकलेला म्हणजे काय, असं मी विचारतो. भाऊ खाता खाता सांगतात, "मशीन चालवनं महिन्याभरात येते जी. कवा थांबाचं, थे समजाले दोन वर्षं लागते." हात धुऊन झाल्यावर दोघंही साबणानं पुन्हा हात धुतात. तेलकट बोट काचेला चालेल, क्ले केलेल्या पत्र्याला नाही.

8.00. शेडचे दिवे बंद होतात आणि भाऊ हातातली एलईडी बत्ती लावतात. बोनेटवर प्रकाश पडतो आणि गाडीची सहा वर्षं समोर येतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती हजारो बारीक रेषांची वर्तुळं. इथं त्याला जाळी म्हणतात. रेषा खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याभोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. छतावर पक्ष्याच्या विष्ठेचे दोन खड्डे, कडा स्पष्ट. उन्हात लॅकर फुगतं, रात्री आकसतं, आणि वर वाळलेली आम्लधर्मी विष्ठा त्यात ठसा सोडते. डाव्या दारावर किल्लीची एक लांब रेघ.

आता मोजणी. हातात मावेल एवढं यंत्र, पत्र्याला टेकवायचं, आकडा येतो. भाऊंनी ते साडेचार हजारांना घेतलं, म्हणजे या एका गाडीच्या पैशांत. बोनेट 112. छत 108. डावं दार 121. उजवीकडचं मागचं दार 243.

"हे दार रंगवलेलं हाय," भाऊ म्हणतात. "साहेबांनं सांगतलं नाही. माहीतबी नसन." गॅरेजच्या रंगाखाली लांबी भरलेली असू शकते. रंग किती पक्का झालाय, लॅकर किती जाड सोडलंय, काही सांगता येत नाही. त्या दारावर कमी जोर, मऊ पॅड, असं वहीत लिहिलं जातं.

112 म्हणजे मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, मग सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. या सगळ्याचे मिळून एकशे बारा. त्यात लॅकरचा वाटा चाळीसच्या आसपास. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो. म्हणजे ज्या थरावर दिवसभर काम करायचं आहे तो केसाहूनही बारीक. पॉलिश म्हणजे वर काही लावणं नव्हे, हा थर घासून थोडा खाली आणणं. रेषेच्या तळापर्यंत आजूबाजूचं लॅकर उतरवलं की रेष दिसेनाशी होते. हलक्या हातानं एक-दोन मायक्रॉन जातात, जोरानं केलं तर कितीतरी जास्त. उन्हाचे अतिनील किरण अडवणारं रसायनही याच लॅकरमध्ये असतं. ते पातळ झालं की काही उन्हाळ्यांत छतावर पांढरे चट्टे येतात, लॅकर सुटायला लागतं. त्यावर उपाय एकच, पुन्हा रंगवणं.

"एकडाव काढलं थे परत लावता येत नाही," भाऊ म्हणतात आणि टेपचा रोल उचलतात.

8.20. टेप मारायला अर्धा तास लागतो. रबराच्या पट्ट्या, काळं प्लॅस्टिक, दिव्यांच्या कडा, नंबरप्लेट. प्लॅस्टिकला पॉलिश लागलं तर पांढरा डाग बसतो, निघता निघत नाही. त्याहून महत्त्वाच्या पत्र्याच्या कडा. बोनेटची धार, दाराच्या मधून जाणारी उभारलेली रेघ, फेंडरचा काठ. कारखान्यात फवारलेला रंग ओला असताना धारेवरून बाजूला ओघळतो, म्हणून तिथं थर सगळ्यात पातळ. आणि पॅडचा सगळा दाब तिथंच एका रेषेवर येतो. दीड रोल टेप, 90 रुपये. घाईचं काम करणारे आधी हेच वाचवतात.

8.55. दोन मशिनी आहेत. जुनी रोटरी, एकाच जागी गरगर फिरणारी. नवी डीए, फिरते आणि त्याच वेळी हेलकावतेही, म्हणून उष्णता एका जागी साठत नाही. रोटरी पटकन कापते, आणि पटकन जाळतेही. तीन सेकंद एका जागी थांबली तर लॅकर करपतं. शिवाय उन्हात दिसणारे धुरकट पट्टे मागे सोडते. आज रोटरी बाहेर निघत नाही.

आधी बोनेटच्या मध्यावर टेपनं एक चौकोन, दीड फुटाचा. त्यात सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश. चार हात फिरवले, पुसलं, बत्ती मारली. जाळी अर्धी गेली. मग थोडं कडक पॅड, तेच पॉलिश. बरंच गेलं. मग कापणारं कंपाउंड, मधलं पॅड. जाळी गेली, चार-पाच खोल रेषा राहिल्या. भाऊ इथं थांबतात. याहून कडक काही लावत नाहीत. लोकरीचं पॅड लावलं असतं तर त्याही रेषा गेल्या असत्या.

मी विचारतो, मग का नाही?

"अजून दहा वर्षं गाडी चालनार हाय. दोन वर्षांनं पुन्हा पॉलिशले येईन. तवा काढाले काही ठेवा लागते ना."

या शेडमध्ये मी पाहिलेलं सगळ्यात कसबी काम हेच होतं, आणि गिऱ्हाइकाला ते कधीच दिसणार नाही. त्याला राहिलेल्या रेषा दिसतील. राहिलेलं लॅकर दिसणार नाही.

9.20. खरं काम सुरू. वायर खांद्यावरून मागे, म्हणजे ती पत्र्यावर घासणार नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्याला टेकवून थेंब पसरवायचे, नाहीतर शिंतोडे उडतात. मग चालू. दोन बाय दोन फुटांचा तुकडा. आडवे हात, मग उभे हात, प्रत्येक हात आधीच्यावर अर्धा चढलेला. वेग इतका हळू की बघताना कंटाळा यावा. सेकंदाला इंचभर. पॅडच्या पाठीवर मार्करनं एक काळी रेघ ओढलेली आहे. ती फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबली म्हणजे दाब जास्त झाला किंवा पॅड वाकडं धरलं.

एक तुकडा झाला की मशीन बंद. पॅड ब्रशनं साफ. पत्रा पुसायचा, बत्ती मारायची, पुढचा तुकडा. पोरगा टॉवेल पुरवतो, घडी बदलतो, वापरलेला वेगळ्या पिशवीत टाकतो. टॉवेल 110 रुपयांचा एक. एका गाडीला बारा-तेरा लागतात.

10.40. छत. भाऊ लाकडी पाटावर उभे आहेत. मशीन अडीच किलोच्या वर, हात पुढं ताणलेले, पाठ वाकलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला आहे, तो मशीन ठेवल्यावरही तसाच राहतो. घाम गाडीवर पडू नये म्हणून कपाळाला दुपट्टा. कुलर आहे, पण बंद. कुलरचा झोत धूळ उडवतो. गाडीचं काम चालू असताना माणसांना वारा नाही.

विष्ठेचे दोन खड्डे. एक निघतो. दुसरा फिका होतो, पण राहतो. भाऊ यंत्र टेकवतात. 105. सकाळी 108 होतं. एक-दोन आकड्यांचा फरक यंत्राचाही असतो, हे त्यांना ठाऊक आहे. तरी तिथलं काम बंद.

11.15. मालकांचा फोन. स्पीकरवर.

"भाऊ, ती डाव्या दारावरची रेष तेवढी पूर्ण काढा बरं का. पाव्हणे त्याच बाजूनं बसणार."

भाऊ रेषेवरून नख आडवं ओढतात. नख अडकतं.

"साहेब, नख अडकून राहिलं. म्हंजे लॅकरच्या खाली गेली. घासून नाही जाणार, घासलं तर रंगच जाईन. बारीक कुंचल्यानं टचअप करून देतो. चार फुटांवरून दिसनार नाही."

"दुसऱ्या गॅरेजवाला म्हणत होता, रबिंगनं जाते म्हणून."

"जाईन ना साहेब. आठ दिवसांनं दार पांढरं दिसन."

थोडा वेळ शांतता. मग मालक म्हणतात, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." फोन ठेवल्यावर भाऊ मला दुसरी रीत सांगतात. काही ठिकाणी रेषांवर डिझेल किंवा तेलकट पॉलिश चोळून देतात. तेल रेषांत भरतं, गाडी लखलखते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. दोन धुण्यांत तेल उतरतं आणि जाळी जिथल्या तिथं. त्याचे हजार-बाराशे घेतात. त्या भावाशी यांना रोज झुंजावं लागतं.

12.20. शेवटचं दार, 243 वालं, मऊ पॅडनं हलकं झालं. टिनाखाली आता हवा जड झालीय. भाऊंकडे पिस्तुलासारखा तापमापक आहे. सावलीतल्या आपल्या बोनेटवर तो 46 दाखवतो. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या कोणाच्या तरी काळ्या गाडीवर रोखतात, 71. मशीन ठेवली जाते. गाडीवर स्वच्छ सुती चादर नाही, काहीच नाही. धूळ असलेल्या गाडीवर कापड टाकलं की तेच घासतं आणि धूळ नसली तर कापडाची गरज नाही. शटर अर्धं खाली. आता कुलर सुरू.

1.00. डबा. भाऊंचा वरण-भात, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. पोराचा पोळी आणि आंब्याचा रस. बाहेर सावनेरकडे जाणाऱ्या एसटीचा आवाज, बाकी रस्ता रिकामा.

1.40. पोरगा झोपत नाही. भिंतीला भंगारातून आणलेला एक दरवाजा टेकवलेला आहे, 300 रुपयांचा, सराव करायला. तो रोटरी लावतो. भाऊ डोळे मिटून पडलेत, पण आवाज ऐकताहेत. आवाज बदलतो तसे उठून बसतात. पोरानं दाराच्या उभारलेल्या रेघेवर पॅड नेलं होतं. मशीन थांबते तेव्हा त्या रेघेवर बोटभर लांबीचा करडा पट्टा आहे. लॅकर गेलं, रंग गेला, प्रायमर वर आला. भाऊ रागावत नाहीत. पोराचा तळहात धरून त्या जागेवर ठेवतात. अजून गरम आहे. "पाह्य. किती वेळ थांबला होता?" पोरगा म्हणतो, "थांबलो नाही भाऊ, फक्त तिकून वळवलं." "तेवढंच लागते."

2.15. वही. एका गाडीचा खर्च भाऊ मला वाचून दाखवतात. कंपाउंड आणि पॉलिश 400. पॅडची झीज 150. टेप 90. क्ले 90, आजचा गेलेला गोळा वेगळा. शाम्पू 30. मेण 80. आरओचं पाणी 60. वीज 100. पोरगा नाश्त्यासकट 500. झाले पंधराशे. साडेचारातून राहिले तीन हजार, त्यातून दिवसाचं भाडं. अशी गाडी रोज येत नाही. लग्नसराईत आणि दसऱ्याच्या आधी येतात. बाकीचे दिवस तीनशे रुपयांच्या धुलाईवर जातात. पावसाळ्यात तेही कमी.

2.40. उस्तादांची गोष्ट निघते. भाऊ वयाच्या पंधराव्या वर्षी एका पेंटरकडे लागले होते. तेव्हा फियाट आणि अँबेसेडर यायच्या. त्यांच्या रंगावर वेगळं लॅकर नसे. घासलं की रंगच फडक्यावर उतरायचा, लाल गाडीचं फडकं लाल. रंग जाड मारलेला असे. उस्ताद रबिंग चोळायचे, हातानं, तासन्‌तास, आणि गाडी नवी व्हायची. तोच हात पुढं लॅकरच्या गाड्यांवर चालवला तेव्हा बऱ्याच गाड्या गेल्या. उस्तादांनी वय झाल्यावर पद्धत बदलली नाही. भाऊंनी बदलली. डीए मशिनीला 14 हजार घातले, हप्त्यानं. उस्तादांबद्दल बोलताना ते आजही "होते" म्हणत नाहीत, "आहेत" म्हणतात, जरी आता ते नाहीत.

4.30. उन्हाची तिरीप शटरखालून आत आली आहे, पण टिनाचा आवाज बदललाय, तो आकसायला लागलाय. बोनेट 41. पोरगा पुन्हा फरशीवर पाणी मारतो. फिनिशिंग सुरू. काळं मऊ पॅड, बारीक पॉलिश, जवळजवळ नुसत्या मशिनीच्या वजनावर. सकाळच्या कंपाउंडनं जो हलका धूसरपणा सोडला तो आता जातो. काळ्या रंगात हा दुसरा फेरा टाळता येत नाही. पांढऱ्या गाडीत कदाचित चालून गेलं असतं.

5.40. स्प्रेच्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाण्यात पातळ केलेलं. पूर्ण गाडी त्यानं पुसली जाते. पॉलिशमधलं तेल निघून जातं आणि खरं काय उरलंय ते दिसतं. भाऊ बत्ती घेऊन गुडघ्यावर बसतात, दरवाज्यांच्या खालपर्यंत. ही तपासणी ते गिऱ्हाइकासाठी करत नाहीत, तो अजून आलेलाच नाही. तीन ठिकाणी परत पॅड लागतं. किल्लीच्या रेषेत टचअपचा थेंब बारीक कुंचल्याच्या टोकानं भरला जातो.

6.10. आता मेण. पिवळसर घट्ट मलम, चपट्या डब्यात. यातलं कार्नोबा ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. तिथं ऊन तापतं आणि पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेण चढवतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात, मेणाची पूड खाली पडते. हेच मेण गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीला आणि लिपस्टिकलाही लागतं. सुमारे 82 ते 86 अंशांना वितळतं, नैसर्गिक मेणांत हे बरंच वर. तरीही नागपूरच्या उन्हात काळ्या बोनेटवर ते पाच-सहा आठवडे टिकलं तर पुष्कळ. भाऊ हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतात.

मेण हातानं. स्पंज आधी किंचित ओला, त्यावर डब्यातून एकदाच फिरवलेलं मेण, आणि अर्धं बोनेट तेवढ्यात. थर इतका पातळ की तिरक्या उजेडातच दिसतो. जाड लावल्यानं चमक वाढत नाही, पुसताना त्रास मात्र होतो आणि पुसण्याच्या जोरात नव्या रेषा पडतात. दहा मिनिटं थांबून भाऊ एका कोपऱ्यावर बोट ओढतात. बोटामागे स्वच्छ पट्टा उमटला, मेण ओढलं गेलं नाही. म्हणजे पुसायची वेळ झाली. जाड लवदार टॉवेल, वजन न देता, एकदा. मग दुसरा टॉवेल, उलटी बाजू.

7.05. मालक येतात, बरोबर मुलगी. मुलगी बोनेटकडे बघते आणि त्यात शेडची ट्यूबलाइट बघते, तिच्या दोन्ही टोकांपर्यंत सरळ. मालक डाव्या दारापाशी जातात. वाकतात. रेष सापडते, पण शोधावी लागते.

"अन् हे मागचं दार?" भाऊ सांगतात की ते रंगवलेलं आहे. मालक थोडा वेळ काही बोलत नाहीत. गाडी त्यांनी तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली होती, एकही ठोकर नाही असं सांगून विकलेली.

पैशाचं बोलणं निघतं. बेचाळीसशेवर ठरतं. भाऊ घासाघीस करत नाहीत, लग्नघर आहे. पण तीन गोष्टी सांगतात. पहिली, फुलांच्या सजावटवाल्याला पत्र्यावर सेलोटेप लावू द्यायची नाही, फुलं दोऱ्यानं आणि काचेच्या कडेनं बांधायची. दुसरी, पक्ष्यानं घाण केली तर ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून उचलायची, खरवडायची नाही. तिसरी सोसायटीतल्या धुणाऱ्याची.

"थो काय करते?"

"सकाळी फडकं मारतो. महिन्याला पाचशे. वीस-बावीस गाड्या करतो तो."

"एक बादली, एक फडकं?"

"हो."

भाऊ मागे जाऊन दोन धुतलेले मायक्रोफायबर आणतात. "हे त्याले द्या. त्याले बोलू नका, त्याचं काही चुकलं नाही. म्हना, आधी पाणी मारत जा, नसन पाणी तर त्या दिवशी पुसू नको. धूळ नुसती बसली तर काही करत नाही साहेब, घासली का करते." टॉवेलचे पैसे घेत नाहीत.

7.40. पोराचे 450. तो कडा हातात घालतो, पण लगेच निघत नाही. वापरलेले टॉवेल कोमट पाण्यात टाकतो, मेणाचे वेगळे, कंपाउंडचे वेगळे, सुती काहीच त्यात नाही. फॅब्रिक कंडिशनर नाही, त्यानं धागे चिकट होतात. पॅड धुऊन पालथी ठेवतो. सकाळी पडलेल्या क्लेच्या गोळ्याचे पैसे कापलेले नाहीत, हे त्यानं मोजताना पाहिलं आणि काही बोलला नाही.

8.10. भाऊ शटर ओढताना फोन वाजतो. पांढरी एसयूव्ही, उद्याच पाहिजे, दुपारी बारापर्यंत.

"बारापर्यंत नुसती धुऊन अन् मेण होईन. पॉलिश नाही. पॉलिश पाहिजे तर पहाटे पाचले आणा अन् रात्री न्या."

पलीकडचा माणूस काहीतरी विचारतो.

"नाही नाही, पुसू नका. जशी हाय तशीच आणा. धुळीसकट."